तुझा समुद्र, माझा मे महिना

नितीन,

तुझ्या शाळेने शोकसभेसाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्या होत्या. मी दिल्या. मनमिळाऊ, कामसू, मुलांत मूल होऊन रमणारा शिक्षक, वगैरे. मुख्याध्यापकांनी त्या वाचून दाखवल्या आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यात खोटं काही नव्हतं, पण थोरल्या भावाला जे म्हणायचं होतं ते चार ओळींत बसणारं नव्हतं आणि सभेत वाचण्यासारखं तर मुळीच नव्हतं. मला तुझा हेवा वाटायचा. अकरा वर्षं वाटत आला. तुला जाऊन महिना उलटला, तरी अजून वाटतो, आणि मेलेल्या भावाचा हेवा करणाऱ्याने कुठे तोंड लपवायचं ते मला कोणी सांगत नाही.

तू कसा गेलास, छातीत कधी दुखायला लागलं, दवाखान्यात कोणी नेलं, ते मी इथे लिहीत नाही. ते सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पांढरकवड्यात हायवेवर टायरचं दुकान म्हणजे सगळा गाव येता-जाता टेकणार, चौकशी करणार, 'जाचं वय नोतं' म्हणणार आणि चहा पिऊन जाणार. मी सगळ्यांना तेच ते सांगितलं. खरं जे सांगायचं होतं ते कोणी विचारलंच नाही, कारण ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

लोकांना वाटतं टायरच्या धंद्याला सीझन नसतो. तुला माहीत होतं. एप्रिल अर्धा सरला की नागपूर-हैदराबाद रस्ता तव्यासारखा तापतो आणि ट्रकांचे टायर फुटायला लागतात. मे महिन्यात तर एक गाडी जॅकवरून उतरायच्या आत दुसरी येऊन उभी राहते. ड्रायव्हर घामाने निथळत शिव्या देत असतो आणि मी पान्हा घेऊन चाकाशी. शाळेच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच. म्हणजे माझ्या पोरींना जेव्हा बाप हवा तेव्हा बाप ट्रकखाली, आणि काका मात्र मास्तर असल्यामुळे मोकळा, त्यातही दारात समुद्र. देवाने अशी वाटणी करायला नको होती.

यवतमाळकडची किती पोरं मास्तर होऊन कोकणात गेली! सगळी कुरकुरतात. भात घशाखाली उतरत नाही, पाऊस थांबत नाही, गावाकडे यायला दोन दिवस लागतात, म्हणून दरवर्षी बदलीचा अर्ज. पहिली काही वर्षं तूही भरलास. 'एवढ्या लांब आमची पोरगी देत नाही' म्हणून तुझ्या दोन सोयरिकी फिसकटल्या, तेव्हा मी इथल्या लोकांशी तुझ्या बाजूने भांडलो होतो. मग तू अर्ज भरणंच सोडलंस. दिवाळीत ओसरीवर बसून मी तुला विचारलं होतं, आठवतं?

"अर्ज काहून नाही भरला येंदा?"

"ऱ्हायला."

"तीन सालापासून ऱ्हाऊन राह्यला. खरं सांग."

"दादा, मी तिथून आलो तर पोट्ट्या मे महिन्यात कुठी जातीन?"

तू हसत म्हणालास आणि तुझी वहिनी, शोभाही हसली. मी उठून गायीला पाणी दाखवायला गेलो. पोट्ट्या माझ्या होत्या, नितीन. त्या मे महिन्यात कुठे जातील याची काळजी तू करावीस, हे मला आवडलं नव्हतं. तो वाद तिथेच राहिला. मी गोठ्यातून परत येऊन बोलायला हवं होतं, पण मी रागावलो की गप्प बसतो, आणि तू ते दमल्याचं लक्षण समजायचास.

पहिल्या वर्षी शोभा वेदिकाला घेऊन तुझ्याकडे आली तेव्हा वेदिका पाच वर्षांची होती, मिनूचा पत्ताही नव्हता. महिन्याने मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो. पोरगी उन्हाने काळीठिक्कर पडली होती आणि खिशातून वाळू गळत होती. मी उचलून घेतली तर बापाचा पापा घ्यायच्या आधी म्हणते कशी, "बाबा, काकाचा समुद्र लय मोठा आहे."

काकाचा समुद्र! आपल्या बाबांनी जे ठेवलं ते दोघांना सारखं वाटून दिलं. केळापूरच्या रस्त्याचं शेत अर्धं तुझं, अर्धं माझं. विहीर सामाईक. समुद्राची वाटणी झाल्याचं मला काही आठवत नाही. तरी माझ्या घरात अकरा वर्षं तो काकाचाच राहिला.

आणि तू त्यांना त्यात काय दिलंस, तर फुकटच्या गोष्टी. तुझा नियमच होता, पैसे लागणारा खेळ खेळायचा नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी उंट होता, मोटरच्या होड्या होत्या. मिनूने उंटासाठी भोकाड पसरलं तेव्हा तू तिला म्हणालास की तो उंट स्वतःच गावाला जायला रडून राहिला, त्याच्यावर काय बसतेस. ते ऐकून ती उंटाची समजूत काढायला गेली. मी असतो तर तिला बसवून मोकळा झालो असतो. हे मला मागाहून सुचलं आणि त्याचाही राग आला.

मग तुझे ते फोन. "दादा, आज काय केलं माहीत आहे का?" ओहोटीला खडकांत साचलेल्या डबक्यांपाशी पोरींना पालथं झोपवून आत काय काय फिरतं ते मोजायला लावलं. खेकड्यांच्या बिळांची पैज लावली. प्रत्येकाने एक बीळ निवडायचं, त्यासमोर न हलता, न बोलता बसायचं, ज्याचा खेकडा आधी बाहेर येईल तो जिंकला. मिनू त्या पैजेत अर्धा तास बसली, असं तू कौतुकाने सांगितलंस. अर्धा तास! माझ्यासमोर ती ताटावर दोन मिनिटं टिकत नाही. एका खेकड्यासाठी ती जेवढी बसली तेवढी माझ्याजवळ कधी बसली नाही, आणि तू मला ते आनंदाची बातमी म्हणून सांगत होतास.

सकाळी गावाची रापण ओढायला न्यायचास. समुद्रात लांबवर सोडलेलं ते जाळं ओढायला अख्खा गाव दोरीला लागतो, पाहुणा असो की पोर, जो हात लावील त्याला मासळीचा वाटा. माझ्या पोरी दोरीच्या शेवटी लोंबकळायच्या, ओढायच्या कमी आणि ओरडायच्या जास्त. तरी त्यांना पानावर चार मासे मिळायचे. ते मासे वेदिकाने आयुष्यातली पहिली कमाई म्हणून सांगितले. इथे दुकानात तिने मला कितीदा पान्हा आणून दिला, त्याची कमाईत गणती नाही.

एकदा फोटो पाठवलास. ओल्या वाळूत तुम्ही पांढरकवडा बांधला होता. मधोमध हायवे, त्यावर काड्यांचे ट्रक, बसस्टँड, बाजार. एका कडेला चौकोनी खड्डा, त्याच्याभोवती शिंपल्यांच्या चकत्या रचलेल्या आणि आत एक जाडा शंख उभा. खाली तू लिहिलं होतंस, 'हे दादाचं दुकान, आत दादा.' मी फोटो मोठा करून करून पाहिला. दुकानाची जागा बरोबर होती, पंक्चर तपासायची पाण्याची टाकीसुद्धा दाखवली होती. मग दुसरा फोटो आला, लाट येऊन गेल्यानंतरचा. तिघीही हसताना, तू मध्ये, आणि दुकान सपाट. मी शोभाला फोन करून म्हटलं, "मले वाळूत बसवून तुमी मजा करून राह्यले का?" तिला वाटलं मी गंमत करतोय.

ट्यूबची गोष्ट मात्र मी तुला कधीच माफ केली नाही, कारण त्यात तुझी काही चूकच नव्हती.

वेदिका अकरा वर्षांची झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की ह्या समुद्रात आपलंही काहीतरी असलं पाहिजे. ट्रकची एक जुनी ट्यूब काढली. तीन ठिकाणी थिगळं होती, ती सोलून नवी लावली. टाकीत बुडवून बुडबुडा येतो का ते दोनदा पाहिलं. वॉल्वने अंग खरवडू नये म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबची टोपी शिवली. दोघी पोरी, शिवाय तू, तिघं तिच्यावर तरंगाल अशी ट्यूब. हवा काढली, घडी घालून शोभाच्या बॅगेत तळाशी ठेवली. इतकं सगळं केलं आणि एक गोष्ट डोक्यात आली नाही. माझ्या दुकानात कॉम्प्रेसर सकाळपासून सुरू असतो. हवा कुठे मिळत नसेल, हे मला सुचणंच शक्य नव्हतं.

तुझ्या गावात हवा नव्हती. तोंडाने ट्रकची ट्यूब फुगत नाही, हे तुम्ही तिघांनी आधी करून पाहिलं म्हणे. मग तू दोघींना घेऊन चार किलोमीटर चालत फाट्यावर गेलास. तिथल्या पंक्चरवाल्याला सांगितलंस की माझ्या भावाचं विदर्भात टायरचं दुकान आहे, ही ट्यूब त्याच्या हातची आहे. त्याने थिगळांवरून बोट फिरवून पाहिलं, 'काम पक्कं आहे' म्हणाला आणि 'आपल्याच धंद्यातले' म्हणून हवेचं काही घेतलं नाही. मग फुगलेली ट्यूब गडगडवत तुम्ही परत निघालात. उतारावर ती सुटली, कोणाच्या तरी काजूच्या बागेत घुसली, दोघी मागे धावल्या, वाटेत करवंदं खाल्ली, एका म्हशीने रस्ता अडवला. घरी पोचायला संध्याकाळ झाली.

माझ्या पोरींना समुद्रातलं तरंगणं आठवत नाही. त्यांना ते ट्यूब आणायला जाणं आठवतं. पुढच्या वर्षी मी शरमेने हवा भरायचा हातपंप पाठवला. तू तो कपाटात ठेवून दिलास आणि पुन्हा त्यांना फाट्यावर घेऊन गेलास. मग दर सुट्टीत पहिल्या रविवारी ट्यूब आणायला जायचं, हा तुमचा सणच झाला. चूक माझी, मेहनत माझी, थिगळं माझी, आणि सण तुझा.

जूनमध्ये त्या परत यायच्या तेव्हा माझ्या घरात पंधरा दिवस काका चालायचा. काका असं म्हणतो, काका तसं करत नाही. मिनू दार उघडायला सांगताना मालवणी हेल काढायची. शोभा वांग्याच्या भाजीत ओलं खोबरं घालायची. मी ताटावर बसलो की मला वाटायचं, मी पाहुणा आहे आणि तू घरमालक.

तू दरवर्षी म्हणायचास, "दादा, एक खेप तू येऊन पाह्य. चार दिवस ये. टायर कुठी पळून जात नाहीत." मी म्हणायचो, पुढच्या साली. मला यायचं नव्हतं. तिथे येऊन माझ्याच पोरींनी मला हात धरून तुझा समुद्र दाखवावा, हे मला सोसणार नव्हतं.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू शकत नव्हतो आणि तुलाच सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी तुझा फोन आला. मी दुकानात होतो. वेदिकाने आदल्या दिवशी दुकानातल्या कॅलेंडरवर निघायच्या तारखेभोवती काढलेला निळा गोल मी टाकीजवळ बसून पाहत होतो.

"पोट्ट्या कवा निघून राह्यल्या?" तू विचारलंस. "यावेळेस मी कोल्हापूरलेच घ्याले येतो."

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "येंदा नाही येत त्या."

"काहून? तब्येत बरी आहे न?"

"बरी आहे. मोठ्या झाल्या आता, नितीन. मन नाही त्यायचं. वेदिका म्हने, तिथी करमत नाही."

मग म्हणालास, "मी बोलून पाहू का तिच्यासंगं?"

"नोको. तुले तोंडावर नाही म्हननार नाहीत त्या. उगी ओशाळतीन."

"बरं."

आणि मग तू काय म्हणालास ते मला रोज ऐकू येतं. "मंग तू ये न, दादा. मी एकटाच आहो."

"मे महिन्यात? दुकान कोन पाहीन?" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

घरी सांगितलं, काकाला सुट्टीत सर्व्हेची ड्यूटी लागली, यंदा जमत नाही. मास्तरांना कसल्याही ड्यूट्या लागतात, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. मिनू रडली. वेदिका म्हणाली, आम्ही त्याच्यासोबत घरोघरी फिरू, त्यात काय. मी म्हटलं, चालत नाही, सरकारी काम असते. शोभाने भरलेली बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण विचारलं काही नाही.

माझ्या त्या एका वाक्याने काय केलं ते नंतर माझ्या लक्षात आलं. पुढे वर्षभर तू फोन करायचास, तेव्हा मी मुद्दाम जवळपास असायचो. तू म्हणायचास, "येंदा येजा बरं, बाई," आणि त्या ओरडायच्या, "हो काका, पक्कं!" त्या मनापासून म्हणत होत्या. पण तुला मी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या तोंडावर नाही म्हणणार नाहीत. म्हणजे त्यांचं हो तुला नाहीसारखंच ऐकू येत असणार. दिवाळीतही तू आला नाहीस. शाळेच्या इमारतीचं काम निघालं म्हणालास. मला हायसं वाटलं, कारण तू समोर आला असतास तर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

आणि चोरलेल्या त्या मे महिन्याचं मी काय केलं? माझं होतं ना सगळं, पोरी घरात, तू लांब. मी सकाळी दुकानात गेलो आणि दिवेलागणीला आलो, रोज. पोरी कूलरपुढे मोबाईल घेऊन पडून राहायच्या. एका रविवारी धरणावर जायचं ठरवलं. शोभाने पुऱ्या तळल्या, पोरी आंघोळी करून तयार. मी फक्त शटर खाली ओढायला गेलो, तर आंध्रातला एक ट्रक दोन टायर फुटलेल्या अवस्थेत समोर उभा. ड्रायव्हर हात जोडायला लागला. पुऱ्या आम्ही दुपारी घरीच खाल्ल्या. महिना संपला तेव्हा पोरी माझ्याजवळ जेवढ्या आल्या त्याच्या दुप्पट लांब गेल्या होत्या, आणि मला राग कोणाचा आला असेल? तुझाच.

मग तू गेलास. दिवस झाल्यावर, मे महिना लागता लागता, तुझी खोली रिकामी करायला आम्ही चौघं निघालो. मी पहिल्यांदा मे महिन्यात शटर लावलं. वर्ध्याहून कोल्हापूरची गाडी, मग एसटी, मग ती चार किलोमीटर. तू असताना कधी जमलं नाही, तू नसताना जमलं.

समुद्र मोठा आहे, नितीन. वेदिका पाच वर्षांची असताना म्हणाली होती तेवढाच. मी नदीवर काढतो तशा काठाला चपला काढल्या तर दोघी एकदम ओरडल्या, "बाबा, तिथं नका ठेवू, भरती लागली!" आणि चपला उचलून पळाल्या. रापणीची दोरी ओढणारी माणसं थांबली. वेदू आली, मिनू आली, असं एकमेकांना सांगत पुढे आली. दोघींना जवळ घेतलं, रडली. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? दुसरा म्हणाला, मास्तरांचे भाऊ. पोरींचा बाप म्हणून तिथे मला एकाने ओळखलं नाही. त्याही वेळी, तू नसताना, ती माणसं तुझ्यासाठी रडत असताना, माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. मी असा आहे.

तुझ्या घरमालकीणबाईंच्या, माईंच्या पडवीत आम्ही तुझी भांडी बांधत होतो. मिनू अंगणात मांजरीमागे होती. माईंनी वेदिकाला जवळ बसवलं आणि विचारलं, "पोरां गेल्या वर्साक कित्याक नाय इली?"

मला शब्द नवे होते, पण पोरी गेल्या वर्षी का आल्या नाहीत हे विचारलं ते कळलं.

"काकाला ड्यूटी होती ना, माई," वेदिका म्हणाली.

"ड्युटी? मास्तर तर आखो मे म्हयनो हयच होते."

मग माई सांगत राहिल्या. पहिल्या रविवारी तू एकटाच फाट्यावर गेलास. ट्यूब भरून, गडगडवत घेऊन आलास आणि अंगणात माडाला टेकवून ठेवलीस. माई म्हणाल्या, पोरं येत नाहीत म्हणता, मग ही कशाला? तर तू म्हणालास, पोरींचा काय भरवसा, मनात आलं तर येतीलही. पाऊस लागेपर्यंत ट्यूब तिथेच होती. रोज थोडी थोडी खाली बसत गेली. थिगळ कितीही पक्कं असलं तरी हवा जातेच, हे मला कोणी सांगायला नको.

शोभा चादरींच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली. वेदिका माझ्याकडे पाहत होती.

संध्याकाळी ती वाळूवर माझ्याशेजारी येऊन बसली. सोळा वर्षांची झाली, नितीन. बसते अगदी तुझ्यासारखी, गुडघ्यांना हात घालून.

"काकाले ड्यूटी नव्हती न, बाबा?"

"नव्हती."

"मंग?"

"मी खोटं बोललो. त्याच्यापाशीही अन् तुमच्यापाशीही."

"काहून?"

अकरा वर्षं घोळवलेलं उत्तर होतं माझ्याकडे. बाहेर फार थोडं आलं. "तुमी सारा वेळ काका काका करता. मले राग येते."

मला वाटलं आता ओरडेल, उठून जाईल. ती हळू म्हणाली, "मले म्हनलं असतं न, नोको जाऊ, माह्याजवळ राह्य, तर मी राह्यली असती. एक वेळ म्हनून तरी पाहाचं होतं."

कोणी तरी कानफटात द्यावी तसं झालं मला. तू मागून घ्यायचास, नितीन. ये म्हणायचास, पाठवा म्हणायचास, एकटा आहे म्हणायचास. मला ते कधी जमलं नाही. मी नुसता वाट पाहत बसलो की कोणीतरी ओळखावं, आणि कोणी ओळखलं नाही की तुझ्या नावाने कुढायचं.

उठताना ती म्हणाली, "मिनूले तुमी सांगा. मी नाही सांगत." कोल्हापूरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. अजूनही कामापुरतंच बोलते.

मिनूला सांगायला मला आठ दिवस लागले. आज दुपारी ती दुकानात डबा घेऊन आली. गाडी नव्हती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टायरच्या थप्पीवर चढून पाय हलवत बसली. मी हात धुतले, डबा उघडला नाही, आणि सगळं सांगितलं, दहा वर्षांच्या पोरीला कळेल असं. काकाला ड्यूटी नव्हती. मी त्याला सांगितलं की तुम्हाला यायचं नाही.

तिचे पाय थांबले.

"पन आमाले तं यायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी रोज विचारत होती तुमाले, काकाची ड्यूटी संपली का म्हनून."

"हो, विचारत होती."

ती रडली नाही. मग तिने मला विचारलं, "मंग काकाले आता कोन सांगीन?"

संध्याकाळी शटर लावलं आणि लिहायला बसलो.

त्यांना यायचं होतं, नितीन. दोघींनाही यायचं होतं.